‘वुदरिंग हाइट्स’मधील क्रौर्य कसे वाचावे

एमिली ब्रॉन्टे यांची ‘वुदरिंग हाइट्स’ ही कादंबरी १८४७ मध्ये एलिस बेल या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. तिच्यातील क्रौर्य सहसा एकट्या हीथक्लिफच्या, म्हणजे तिच्या सूडाने पेटलेल्या नायकाच्या, खात्यावर मांडले जाते. तसे होऊ द्यायचे नसेल, तर निदान पहिल्या वाचनात त्याला थोडे बाजूला ठेवावे आणि गोष्ट सांगणाऱ्या दोघांवर, म्हणजे भाडेकरू लॉकवुड आणि घर सांभाळणारी नेली डीन यांच्यावर, नजर ठेवावी.

सुरुवात तिसऱ्या प्रकरणापासून करावी. स्वप्नात एक मुलगी खिडकीबाहेरून आत येऊ देण्याची विनवणी करते, तिची पकड सुटत नाही, तेव्हा लॉकवुड तिचे मनगट फुटक्या काचेवर रक्त येईपर्यंत घासतो. भीतीने आपल्याला क्रूर केले, असे तो स्वतःच सांगतो. हीथक्लिफची पूर्वकथा सुरू होण्याआधीच एका सभ्य गृहस्थाकडून हे घडते, याची नोंद समासात जरूर करावी.

नेलीच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते, कारण तिचा स्वर समंजस आहे आणि समंजस स्वरावर आपला चटकन विश्वास बसतो. लिव्हरपूलहून आणलेल्या त्या अनाथ पोराला, म्हणजे लहानग्या हीथक्लिफला, तिने पहिल्या रात्री जिन्यावर ठेवले, सकाळपर्यंत ते निघून जाईल या आशेने. पुढे बाराव्या प्रकरणात हीथक्लिफची बालमैत्रीण आणि आता एडगरची पत्नी असलेली कॅथरीन तीन दिवस दार लावून उपाशी राहते, तरी हे सारे सोंग आहे असे मानून नेली एडगरला काही कळवत नाही. आणि एडगरही पुस्तकांत बसून राहतो. म्हणून प्रत्येक प्रसंगाशेजारी दोन नोंदी कराव्यात: कोणी दुखावले, आणि कोण पाहत राहिले. माझ्या मते दुसरी नोंदच अधिक बोलकी ठरते.

त्यानंतर हीथक्लिफकडे वळावे, आणि सहावे व सतरावे प्रकरण शेजारी ठेवून वाचावे. बापाच्या मृत्यूनंतर कॅथरीनचा भाऊ हिंडली हीथक्लिफचे शिक्षण बंद करून त्याला शेतमजुरीला जुंपतो. पुढे हिंडलीची शवपेटी घराबाहेर नेली जात असताना त्याच्या मुलाला, हेअरटनला, त्याच रीतीने वाढवण्याचा निश्चय हीथक्लिफ बोलून दाखवतो. मात्र त्यामुळे त्याला माफी देण्याची घाई करू नये: एडगरची बहीण इझाबेला हिच्या कुत्रीला फास लावताना, किंवा एडगर मरणपंथाला लागलेला असताना त्याच्या आणि कॅथरीनच्या मुलीला, धाकट्या कॅथीला, कोंडून आपल्या मुलाशी, लिंटनशी, तिचे लग्न लावताना, तो काही आंधळेपणाने वागत नाही.

मारहाणीच्या प्रसंगांवर फार रेंगाळू नये. ते वाचकाच्या लक्षात आपोआप राहतात. सुटते ते अठ्ठाविसाव्या प्रकरणातील दृश्य. ज्या कॅथीशी आपले लग्न झाले आहे ती वर कोंडलेली असताना लिंटन खडीसाखरेची कांडी चोखत पडला आहे. तिला आपल्या वडिलांनी मारले तेव्हा आपल्याला आधी बरेच वाटले, असेही तो सहज सांगून टाकतो. हात न उगारणाऱ्या या आजारी मुलाचे बोलणे सावकाश, पुन्हा एकदा वाचावे, आणि मगच एकतिसाव्या प्रकरणाकडे जावे, जिथे हेअरटनच्या अडखळत वाचण्याची कॅथी टिंगल करते आणि तो आपली पुस्तके आगीत टाकतो.