अकरा केव्हीची (अकरा हजार व्होल्टची) केबल पुरताय? या चुका टाळा

३ जून २०२०ला निसर्ग वादळाने पोल आडवे केले, तेव्हापासून आमच्या किनाऱ्यावर जो तो म्हणतो लाइन जमिनीखाली घाला. घाला की, पण वाऱ्यातून सुटलात की पाण्यात सापडता.

माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे कापलेलं टोक उघडं ठेवणं. खाडीकाठच्या एका गावात मे अखेरीस चर मारला, दोन टोकं जोडायचं जॉइंटचं किट आलं नाही म्हणून पोरं टोकांना प्लास्टिकची पिशवी आणि काळी टेप गुंडाळून घरी गेली आणि रात्री पाऊस कोसळला. सकाळी चरात गुडघाभर पाणी. ठेकेदार म्हणाला, पुसून घ्या, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) चांगला दाखवतोय. दाखवणारच ना, पाणी तारांच्या पिळातून आत शिरलेलं, तारांवरच्या एक्सएलपीईला, म्हणजे प्लास्टिकच्या इन्सुलेशनला, अजून काही झालेलंच नव्हतं! मी तेव्हा नवखा, गप्प बसलो. ऐन गणपतीत जॉइंट फुटला, कापला तर अॅल्युमिनियमच्या तारांतून पाणी ठिबकतंय, अख्ख्या वाडीची आरती बॅटरीच्या उजेडात आणि शिव्या आम्हाला. आणि जॉइंट वाचला असता तरी आतलं पाणी आणि व्होल्टेज मिळून इन्सुलेशन वर्षानुवर्षं हळूहळू पोखरतात, त्यामुळे "आत्ता चालतंय ना" हे मला ऐकवू नका.

आता श्रिंक टोप्या (तापवल्या की टोकावर आवळून बसतात त्या) माझ्या पिशवीत कायम असतात, केबल कापली की लगेच टोपी. पाण्याचा संशय आला तर मी मागे मागे कापत जातो, तारा उकलून टिश्यू लावतो, कोरडा निघेपर्यंत. केबल वाया घालवतो म्हणतात, म्हणू देत.

दुसरं, इन्सुलेशनवरचा सेमिकॉनचा (थोडीफार वीज वाहणारा) काळा थर काढताना घाई. ब्लेड खाली इन्सुलेशनला लागलं की तिथेच पुढे डिस्चार्ज, म्हणजे बारीक ठिणग्या. आणि पुसायचं ते इन्सुलेशनकडून काळ्या थराकडे, उलट नाही, नाहीतर काळं सगळं पसरतं. यूट्यूब बघून आलेले जॉइंटर नेमके हेच विसरतात.

जांभा लागला की दोन फुटांवर थांबू नका, केबलवर ९० सेंटीमीटर माती हवीच. चिऱ्याचे टोकदार तुकडे परत चरात ढकलू नका, खाली-वर वाळूची गादी करा, आणि वाळू समुद्राची नको, खारं पाणी आर्मर, म्हणजे केबलचं धातूचं कवच, खाऊन टाकतं. जुन्या एक्सएलपीईवर डीसी हायपॉट (डीसीच्या जास्त व्होल्टेजची चाचणी) मारू नका, व्हीएलएफ (अगदी कमी फ्रिक्वेन्सीच्या एसीने चाचणी करायचं यंत्र) मागवा.

जॉइंटची जागा पक्क्या खुणेवरून मोजा. आमच्या वहीत एक जॉइंट "आंब्यापासून १२ पावलं" असा आहे, आणि तौक्ते वादळात आंबाच पडला.