जेकार्ड डिझाइनमधला ‘वाय१’: सी हेडरमधल्या नावांची टक्कर कशी सोडवायची

(कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, फाइलमध्ये ती रोमनमध्येच लिहा. उदाहरणं लिनक्सवरच्या जीसीसी कंपायलरची आणि ग्लिबसी या सी लायब्ररीची.)

सोलापुरी चादरीचं जेकार्ड डिझाइन म्हणजे चौकटींचा कागद. त्याचा प्रोग्रॅम लिहिताना कोपऱ्यांना एक्स१, वाय१ अशी नावं सहज पडतात. ती ग्लोबल ठेवली आणि फुलाची गोलाई काढायला ‘मॅथ.एच’ हे गणिती फंक्शनांच्या घोषणांचं हेडर घेतलं की कंपायलर अडतो. त्या हेडरमध्ये वाय१ नावाचं बेसल फंक्शन (एक गणिती फंक्शन) आधीच बसलेलं असतं. ते सी मानकातलं नाही. पण जीसीसी नुसता चालवला तर ग्नू मोड लागतो आणि असली जादा नावंही आत येतात. व्हेरिएबल स्टॅटिक करून भागत नाही. फंक्शनच्या आत ठेवलं तर मात्र चालतं.

आधी जीसीसीला ‘-एसटीडी=सी११’ द्या, म्हणजे तो नुसत्या सी मानकावर राहील. वाय१ गायब होईल, पण त्याबरोबर ‘एम_पाय’ (पायची किंमत) आणि ‘एसटीआरडप’ (स्ट्रिंगची प्रत काढणारं फंक्शन) हेही जातील. एसटीआरडपची घोषणा नसली तर जुना जीसीसी नुसती वॉर्निंग देऊन ते इंट परत करतं असं धरतो. ६४ बिट मशीनवर पॉइंटरचा अर्धा भाग कापला जातो आणि प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी कोसळतो. जीसीसी १४ पासून ही थेट एरर आहे, बरं झालं.

एसटीआरडपसाठी .सी फाइलमध्ये अगदी वर, पहिल्या इन्क्लूडच्याही आधी, ‘_पॉसिक्स_सी_सोर्स’ या मॅक्रोची किंमत २००८०९एल अशी डिफाइन करा (पॉसिक्स म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमचं मानक). खाली लिहून उपयोग नाही: पहिलं सिस्टिम हेडर ‘फीचर्स.एच’ वाचतं, कुठली नावं दाखवायची ते तिथेच ठरतं आणि ती फाइल पुन्हा वाचली जात नाही. एम_पायसाठी ‘_एक्सओपन_सोर्स’ ७०० करण्याचा मोह होतो; त्याने वाय१ परत येतो! त्यापेक्षा पायची किंमत स्वतःच्या नावाने लिहून घ्या. ‘_ग्नू_सोर्स’ तर सगळंच उघडतं, आणि ‘एसटीआरएरर_आर’ हे एररचा मजकूर देणारं फंक्शन इंटऐवजी कॅरॅक्टर पॉइंटर परत करायला लागतं.

ही डिफाइन दुसऱ्यांना द्यायच्या .एच फाइलमध्ये कधीही टाकू नका. त्यांनी आधीच दुसरं हेडर घेतलं असेल तर ती फुकट जाते, नसेल तर त्यांच्या कोडचे नियम बदलते.

तुमच्या हेडरमधल्या प्रत्येक बाहेर दिसणाऱ्या नावाला एकच उपसर्ग लावा: ‘जेकार्ड_ओळ_वाचा’. मॅक्रो आणि इनमची नावंही त्यात आली. घाईत नेमकी तीच राहतात. अंडरस्कोर आणि त्याला लागून कॅपिटल अक्षर अशी सुरू होणारी नावं कंपायलर-लायब्ररीसाठी राखीव आहेत, म्हणून हेडर गार्ड (तेच हेडर दोनदा वाचलं जाऊ नये म्हणून लावलेलं कॅपिटलमधलं नाव) ‘_डिझाइन_एच’ नको, ‘जेकार्ड_डिझाइन_एच’ ठेवा. ‘_टी’ शेपूट पॉसिक्सने राखलेलं आहे. ‘एसटीआर’ला लागून लहान अक्षर येणारी फंक्शनची नावंही टाळा.

नाव कुठून आलं ते कळत नसेल तर ‘जीसीसी -ई’चा (ई कॅपिटल; सगळी हेडर उलगडून दाखवतं) मजकूर फाइलमध्ये काढून त्यात शोधा, वरच्या सर्वांत जवळच्या हॅशच्या ओळीत हेडरचा रस्ता सापडतो. लायब्ररी देण्याआधी कंपाइल झालेल्या .ओ फाइलवर ‘एनएम -जी’ चालवा, ते बाहेर दिसणारी नावं दाखवतं. उपसर्ग नसलेलं तुमचं एखादं फंक्शन तिथे कॅपिटल ‘टी’ अक्षरापुढे दिसलं तर त्याला स्टॅटिक करा. दुसऱ्या फाइलला ते लागत असेल तर नाव बदला.