युरोपला जाताय? कपड्यांची एकच छोटी बॅग पुरते

जूनमधे इटली-स्वित्झर्लंड एकत्र करणाऱ्यांचा हमखास घोळ म्हणजे रोममधे घामाच्या धारा आणि दोन-चार दिवसांनी स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या युंगफ्राऊयोखला ३४५४ मीटरवर बर्फ, मग लोक उन्हाळ्याचे पण भरतात, थंडीचे पण भरतात आणि ते धूड उचलून व्हेनिसच्या पुलांच्या पायऱ्या चढतात. काही गरज नाहीये.

सगळे कपडे आधी पलंगावर मांडा. खालचे तीन बास: एक काळी ट्राउझर, एक करडी, एक सैल कॉटन पँट. करडी पँट म्हणजे बटाटा, कशातही चालते. वरचे पाच, आणि जो टॉप तिन्ही पँटवर जात नाही तो परत कपाटात, कितीही आवडता असला तरी (इथेच घरोघरी भांडणं होतात). पाच गुणिले तीन, पंधरा जोड्या झाल्या की. जीन्स जड, वाळता वाळत नाही, न्यायचीच असेल तर विमानात घालून बसा. बूट आणि जॅकेट पण अंगावरच.

आता थंडी. जाड कोट बॅगेतली अर्धी जागा खातो आणि कामाला येतो एक दिवस, त्यापेक्षा थर्मल, त्यावर फुल टीशर्ट, त्यावर फ्लीस (मऊ, हलकं, लोकरीसारखं जॅकेट) आणि सगळ्यात वर पातळ विंडचीटर. दोन थरांच्या मधे हवा अडकते ना, ऊब तिचीच असते, म्हणून वारा आत शिरू न देणारा वरचा थर महत्त्वाचा, तो वॉटरप्रूफ घेतलात तर पावसाचं पण भागतं. वर गरम झालं की एकेक काढत जायचं. टोपी, हातमोजे विसरू नका.

एक मोठी कॉटनची ओढणी किंवा स्टोल घ्याच. व्हॅटिकनला सेंट पीटर्स चर्चमधे खांदे-गुडघे उघडे असतील तर दारातूनच परत पाठवतात, पुरुषांना पण हाफ पँट चालत नाही, आधीच सांगून ठेवा घरात.

आतले कपडे चार-पाच जोड, रोज रात्री बेसिनमधे धुवायचे. पिळून झाले की कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा आणि त्या गुंडाळीवर सरळ गुडघा देऊन दाबा, पाणी टॉवेलमधे उतरतं, मग हँगरवर टाकले की पातळ कपडे बहुतेक सकाळपर्यंत वाळतात. साबणाची वडी न्या, केबिन बॅगेत लिक्विडच्या १०० मिलीच्या नियमाची कटकट नको.

पेढे-बर्फी मात्र भरू नका, बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला युरोपियन युनियनमधे बंदी आहे, त्या जागेत अजून एक टीशर्ट बसतो.