एसीतून पाणी गळतंय? या चुका टाळा

स्प्लिट एसीच्या इनडोअर युनिटमधून पाणी टपकू लागलं की लोक आधी हातात तार घेतात, विचार नंतर. गार कॉइलवर हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं, ते खालच्या ट्रेमध्ये उतरतं आणि ड्रेन पाइपातून निव्वळ उतारावर बाहेर जातं. त्यात धूळ मिसळून बुळबुळीत गाळ धरतो, पाइप तुंबतो आणि ट्रे भरून वाहतो. बहुतेक वेळा एवढंच असतं.

पण तार! एका घरी मालकांनी जाड तार सरळ करून ट्रेच्या बाजूने खुपसली होती. गाळ निघाला नाहीच, पुढे सरकून भिंतीतल्या वळणावर घट्ट बसला. वर तारेच्या टोकाने पन्हळी पाइपाला भोक पाडलं. टपकणं थांबलं म्हणून मंडळी खूश. थांबणारच, पाणी भिंतीत मुरत होतं ना! पलीकडच्या खोलीत रंगाला फुगे आले, पोपडे निघाले, तेव्हा मला बोलावणं आलं. शेवटी भिंत फोडावी लागली.

मी गाळ बाहेरच्या टोकाकडूनच ओढतो. आधी एसीचा एमसीबी, म्हणजे बोर्डातला त्याचा स्विच, बंद. पाइपाच्या टोकाला पाणी ओढणारा व्हॅक्यूम लावायचा, सांध्याभोवती ओला फडका आवळायचा आणि मिनिटभर चालवायचा. साधा कोरडा व्हॅक्यूम लावू नका. मोटर जाईल आणि शॉकही बसू शकतो. मग विजेच्या जोडण्यांपासून लांब, ट्रेमध्ये मगभर पाणी हळूहळू ओतायचं. बाहेर सलग धार दिसल्याशिवाय मी शिडी आवरत नाही. घाईवाले हेच टाळतात आणि चार दिवसांनी पुन्हा फोन करतात.

अॅसिड आणि ब्लीच नको. अॅल्युमिनियमच्या पात्या खराब होतात आणि वाफा खोलीतच येतात. उकळतं पाणीही नको, पाइप मऊ पडून वाकतो. तोंडाने फुंकणाऱ्यांना काय सांगायचं?

पाइपाचं टोक भरलेल्या बादलीत बुडवून ठेवलं की आत हवा अडकते आणि पाणी मागे तुंबतं. टोक पाण्याच्या वर मोकळं हवं. पाइपाला मध्येच पोट सुटलं असेल तर आधी उतार नीट करा, नाहीतर गाळ परत तिथेच बसेल.

कॉइलवर बर्फ दिसला तर पाइपाच्या मागे लागू नका. एसी बंद ठेवून बर्फ वितळू द्या, फिल्टर धुवा. फिल्टर स्वच्छ असूनही पुन्हा बर्फ धरला, तर गॅस तपासायला जाणकार बोलवा.