जुना रॅक कोरस विकताय? या चुका टाळा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या वाड्याच्या माळ्यावर, बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राच्या सामानात रोलँडचा डायमेन्शन डी, म्हणजे वाद्याच्या आवाजाला कोरसचा भरीव परिणाम देणारी, रॅकमध्ये बसवायची पेटी निघाली, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी थांबा. १९७९ साली आलेलं हे युनिट (मॉडेल एसडीडी-३२०) जगभरचे स्टुडिओ आजही जपून वापरतात. कोरसच्या लहरीचा वेग किंवा खोली बदलायला त्यावर एकही नॉब नाही, मोडची नुसती चार बटणं. आवाज लहरत नाही, रुंद होतो. बॉसचा सीई-३०० आणि टीसी इलेक्ट्रॉनिकचा १२१० हेही याच पंगतीतले. असं युनिट नीट विकलं तर चार पैसे चांगले मिळतात. ते कवडीमोल होतं ते बहुतेक वेळा मालकाच्याच हातून, तेही गिऱ्हाईक यायच्या आधी.

प्लग लावून "चालतंय का" बघणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. युनिट उलटं करा आणि मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचा. जपानहून आलेलं असेल तर तिथे १०० असतं, अमेरिकेहून आलेलं असेल तर ११७ किंवा १२०. आपल्या भिंतीत २३० आहेत. नशीब असेल तर फ्यूज उडतो, नसेल तर ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि त्या मापाचा मूळ ट्रान्सफॉर्मर परत मिळवणं फार कठीण. नुसता पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, आणि १०० च्या युनिटला १०० चाच. बाजारात सर्रास मिळणारा ११० चा लावला की आतला रेग्युलेटर विनाकारण तापत राहतो.

वर्षानुवर्षं बंद असलेल्या युनिटचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असू शकतात. म्हणून पहिल्यांदा चालू करताना जाणत्या कारागिराकडे न्या. तो डिमरस्टॅटवर व्होल्टेज हळूहळू चढवेल, नाहीतर सिरीज बोर्डवर बल्ब लावून तपासेल. बल्ब भगभगून पेटला की आत शॉर्ट आहे, तिथेच थांबायचं.

चकचकीत करण्याचा मोह

पुढच्या पट्टीवरची अक्षरं छापलेली असतात. थिनर किंवा स्पिरिटचा बोळा फिरवला की धुळीबरोबर मोडचे आकडेही निघतात. मग ते युनिट फोटोत कितीही चमको, संग्राहक हात लावत नाही. किंचित ओलं मऊ कापड, तेवढं पुरे. बटण अडकत असेल तर त्यात गंज काढायचा स्प्रे मारू नका. इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो. आणि रंग, कृपा करून, देऊ नका. ओरखडे चालतात.

दोष ओळखल्याशिवाय आत हात घालणं

गुणगुण येते? इनपुटची केबल काढा. गुणगुण गेली तर दोष बहुधा केबलचा किंवा अर्थिंगचा. तरीही राहिली तर संशय पॉवर सप्लायच्या कपॅसिटरवर. आवाज येतो पण कोरस येत नाही, असं झालं तर आधी बटणं आणि मोनो-स्टिरिओचा स्विच दोन-चार वेळा दाबून बघा. गंजलेला स्विच निम्मे खेळ करतो. तेवढ्याने भागलं नाही तर दोष बीबीडी चिपच्या (हीच आवाजाला उशीर लावते) किंवा तिला ठेका देणाऱ्या क्लॉकच्या बाजूला असतो. तिथले बारीक ट्रिमर, म्हणजे मापं जुळवायचे स्क्रू, स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून बघणं म्हणजे विषाची परीक्षा. ऑसिलोस्कोपशिवाय ते परत जागेवर येत नाहीत. एमएन३००७ सारख्या जुन्या चिप मूळ कारखान्यात आता बनत नाहीत आणि बाजारात नकली भरपूर. काही बदललं असेल तर काढलेला भाग फेकू नका, युनिटबरोबर द्या.

मोबाइलवर मोनो रेकॉर्डिंग पाठवणं

याची मला खरोखर हळहळ वाटते, कारण इथे चांगलं युनिट फुकट बदनाम होतं. कोरसमध्ये सिग्नल काही मिलिसेकंद उशिरा येतो आणि तो उशीर सतत कमी-जास्त होत राहतो. डायमेन्शन डीमध्ये अशा दोन वाटा आहेत: एकीचा उशीर वाढतो तेव्हा दुसरीचा घटतो. डाव्या-उजव्या कानातला हा फरक म्हणजेच त्याची जादू. दोन्ही बाजू एकत्र करून मोनोत पाठवलं की रुंदी गेली, आणि ऐकणारा म्हणतो, "यात काय विशेष?" दोन्ही आउटपुट ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या पेटीच्या) दोन वेगळ्या चॅनेलांत घ्या, डावा-उजवा पूर्ण बाजूला ठेवा. आधी बंद स्थितीत गिटारवर वाजवलेला साधा कॉर्ड, मग तोच कॉर्ड चारही मोडवर. शेवटी काहीही न वाजवता थोडी शांतता रेकॉर्ड करा, म्हणजे खरखर किती ते कळतं. ती लपवू नका, जुन्या बीबीडीला थोडी असतेच.

फोटोंत मागची पट्टी, सिरीयल नंबर आणि झाकण उघडून आतला बोर्ड हवाच. इथल्या मालाबद्दल आणखी एक: २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात घराघरांत शिरलं होतं. युनिट पाण्यात होतं की नव्हतं हे विचारायची वेळ गिऱ्हाइकावर आणू नका, आपणहून लिहा. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांवरचा गंज आणि बोर्डावरची हिरवट-पांढरी बुरशी जाणकाराला दिसतेच.

भाव ठरवताना

नावात गोंधळ नको. डायमेन्शन सी हे बॉसचं पेडल आहे, डी हे रॅक. क्लार्क टेक्निकचं बीबीडी-३२० ही अलीकडची नक्कल, तिचा भाव खूपच कमी. परदेशी साइटवर कोणी काय मागतंय ते बघू नका. प्रत्यक्ष कितीला विकलं गेलं ते बघा. भारतातल्या गिऱ्हाइकाचं वाहतूक आणि कस्टम ड्युटी वाचते, तेव्हा इथे असलेल्या, तपासलेल्या युनिटला भाव मागताना संकोच नको.

पाठवताना

युनिट रॅकला अडकवायचे कान दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असतात आणि पहिला मार तेच खातात. त्यांना जाड पुठ्ठा बांधा, खोक्यात खोका घाला, मध्ये घट्ट फोम भरा. व्होल्टेजची चिठ्ठी थेट प्लगला चिकटवा. पैसे खात्यात आल्याशिवाय पार्सल हलवू नका. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही; "क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील" म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा.