पिकअप घेताना या चुका टाळा: पेलोड, ट्रेलर आणि किंमत

पिकअपच्या माहितीपत्रकात दोन आकडे सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतात. हौद्यात इतके किलो आणि मागे ओढायला इतके किलो. घेणारा किंमत आणि हे दोन आकडे शेजारी मांडतो, जिचा हिशेब स्वस्त पडतो ती गाडी ठरवतो आणि पहिल्या मोठ्या खेपेला मागचा भाग जमिनीला टेकायला आला की पाट्यांना, म्हणजे मागच्या पट्टीच्या स्प्रिंगांना, दोष देतो. पाटे बिचारे ठीक असतात. वजनाचा हिशेबच कोणी केलेला नसतो. हा हिशेब कागद-पेन्सिलीने अर्ध्या तासात होतो, तरी दहातले नऊ जण तो टाळतात, याचं खरंच वाईट वाटतं.

माहितीपत्रकातला पेलोड आपलाच समजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पेलोड म्हणजे गाडीचं कमाल मान्य एकूण वजन वजा मोकळ्या गाडीचं वजन. छापलेला आकडा बहुतेक वेळा त्या मालिकेतल्या सगळ्यात हलक्या गाडीचा असतो: सिंगल कॅब, टू व्हील ड्राइव्ह, साधी सीट. डबल कॅब घेतली, फोर व्हील ड्राइव्ह घेतला, सनरूफ आणि मोटरवाल्या सीटा घेतल्या की मोकळं वजन वाढत जातं. मान्य एकूण वजन मात्र बहुतेकदा तिथंच राहतं. म्हणजे जितकं वरचं मॉडेल, तितका पेलोड कमी. पैसे जास्त आणि माल कमी, हे पुष्कळांच्या पचनी पडत नाही, पण वजाबाकी तशीच आहे.

आकड्यांत बघा. मान्य एकूण वजन ३,००० किलो, मोकळी गाडी २,०८० किलो, म्हणजे छापील पेलोड ९२० किलो. आता चौघं बसली, सरासरी ७५ किलो धरा: ३०० गेले. हौद्यावर टप ७० किलो, पुढचा गार्ड ४५, हूक २५, हौद्याचं अस्तर २०, हत्यारांची पेटी भरलेली ६०. हे झाले २२०. मालासाठी उरले ४०० किलो. मालक मात्र ९२० मनात धरून गाडी भरतो आणि पाचशेहून जास्त किलोंनी वर जातो. मग मागचे टायर तापतात, ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लांबते, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत हेडलाइट जातात, कारण गाडीचं नाक वर उचललेलं असतं.

मोकळ्या वजनात चालक धरलाय का, हेही विचारून घ्या. काही ठिकाणी ७५ किलोंचा चालक त्यातच मोजलेला असतो, काही ठिकाणी नसतो. टाकी भरलेली धरलीय का, हाही तोच प्रश्न.

याला उपाय एकच, आणि त्यात चालढकल नको. विक्रेता तोंडाने सांगेल तो आकडा वहीत घेऊ नका. जी गाडी घेणार आहात तिच्याच दाराच्या खांबावरचं स्टिकर वाचा. शेजारच्या गाडीचं नको, त्याच नावाच्या दुसऱ्या रंगाच्या गाडीचंही नको. ताब्यात आल्यावर टाकी भरून, सगळं सामान बसवून, माल न भरता वजनकाट्यावर न्या. तिथं निघेल ते तुमच्या गाडीचं खरं मोकळं वजन.

हौदा भरला म्हणजे खेप भरली, असं मानणं

हौदा आकारमान सांगतो, वजन नाही. दीड मीटर लांब आणि दीड मीटर रुंद हौदा घ्या. कोरडी वाळू घनमीटरला साधारण १,६०० किलो भरते. ७०० किलो शिल्लक असेल तर वाळूचा थर येतो सुमारे १९ सेंटीमीटर. वीतभरही नाही! तेवढ्यावर थांबायला मन होत नाही, म्हणून लोक फाळक्यापर्यंत भरतात. ओली वाळू तर त्याहूनही जड. पाण्याचं सोपं आहे, एक लिटर म्हणजे एक किलो, तरी ५०० लिटरची टाकी ‘नुसतं पाणीच तर आहे’ म्हणून बिनधास्त चढवली जाते.

दोन्ही कमाल आकडे एकाच वेळी वापरणं

‘हजार किलो हौद्यात आणि साडेतीन टन मागे’ असं वाचून दोन्ही एकदम जमेल असं वाटतं. जमत नाही. तिसरा एक आकडा असतो तो कोणी वाचत नाही: गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन, म्हणजे जीसीडब्ल्यू.

समजा गाडी मोकळी २,१५० किलो, एकूण मान्य वजन ३,२००, ट्रेलर ३,५०० पर्यंत आणि जीसीडब्ल्यू ६,००० किलो. साडेतीन टनांचा ट्रेलर जोडला की गाडीच्या वाट्याला २,५०० किलो राहतात. त्यातून मोकळी गाडी गेली की उरतात ३५०. चार माणसं बसली की ५०. टप बसवलेला असेल तर गाडी हौदा रिकामा असतानाच मर्यादेबाहेर. आणि पेलोड तर कागदावर १,०५० किलो होता.

इथंच दुसरी गोम आहे. ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या चाकांवर नसतं. साध्या बॉल-हूकच्या ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजन बॉलवर, म्हणजे हूकवरच्या ज्या गोळ्याला ट्रेलर अडकतो त्यावर, येतं, म्हणजे साडेतीन टनांना ३५० ते ५२५ किलो. हे वजन गाडीच्या पेलोडमधून वजा होतं. हौद्यात बसणाऱ्या फिफ्थ व्हील किंवा गूजनेक जोडणीत तर १५ ते २५ टक्के. हूकवर आणि बॉलवर स्वतंत्र मर्यादा कोरलेली असते, तीही बघायची. साखळीतली सगळ्यात कमजोर कडी किती किलोची, तेवढीच तुमची क्षमता.

आणि बॉल मागच्या चाकांच्या बराच मागे असतो, त्यामुळे ते वजन तरफेसारखं काम करतं. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर) ३ मीटर, बॉल मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे आणि बॉलवर २०० किलो असतील, तर मागच्या ॲक्सलवर २८० किलो वाढतात आणि पुढच्यावरून ८० किलो उतरतात. म्हणून गाडी एकूण वजनात बसते, पण मागचा ॲक्सल त्याच्या मर्यादेबाहेर जातो. स्टिअरिंग हलकं लागायला लागलं की चालकाला बरं वाटतं, पण तो धोक्याचा निरोप असतो.

काही जण यावर तोडगा म्हणून ट्रेलरचा माल मागे सरकवतात, बॉलवरचं वजन कमी करतात. कृपा करून हे करू नका. बॉलवर १० टक्क्यांपेक्षा कमी वजन राहिलं की ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो आणि वेग जितका जास्त तितका तो आवरणं अवघड. डुलायला लागलाच तर गाडीचा ब्रेक जोरात दाबायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा, आणि ट्रेलरच्या ब्रेकचा वेगळा कंट्रोलर असेल तर फक्त तो हळू लावायचा.

ओढण्याचा आकडा खोटा असतो असंही नाही. एसएई जे२८०७ हे ओढण्याच्या क्षमतेच्या चाचणीचं अमेरिकी मानक पाळणाऱ्या कंपन्या ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाच्या सुमारे १८ किलोमीटरच्या चढाला धरून चाचणी करतात, एसी पूर्ण चालू ठेवून, ताशी ६४ किलोमीटरच्या खाली न येता. पण त्यात दोन माणसं आणि तीही ६८ किलोंची धरलेली असतात. तुमचं कुटुंब, हौद्यातलं सामान त्यात नाही.

छोट्या वाटणाऱ्या, पण नडणाऱ्या

पाट्यात एक पट्टी वाढवली किंवा पाट्यांना आधार देणारी हवेची पिशवी (एअर बॅग) बसवली म्हणून मान्य वजन वाढत नाही. गाडी सरळ दिसते एवढंच. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, चेसिस तेच राहतात.

टायरवरचा भारांक वाचा. ११३ म्हणजे एका टायरला १,१५० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो. दिसायला रुंद म्हणून १०४ चे टायर घातले, तर मागच्या दोन टायरांची क्षमता १,८०० किलोवर येते. ॲक्सल १,८५० चा असला तरी काही उपयोग नाही. भरलेल्या गाडीची हवा टायर थंड असताना आणि स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणेच भरायची.

बिनब्रेकच्या ट्रेलरची मर्यादा वेगळी असते, पुष्कळ पिकअपना ती फक्त ७५० किलो. साडेतीन टनांचा आकडा ब्रेक असलेल्या ट्रेलरचा.

बाहेरून हूक वेल्ड करून घेणं म्हणजे टोइंग पॅकेज नव्हे. कारखान्याच्या पॅकेजमध्ये गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर, मोठा रेडिएटर, वायरिंग आणि कधी कधी वेगळा ॲक्सल रेशोही (ॲक्सलमधल्या गिअरचं प्रमाण) येतो. घाई करणारे नेमकं हेच वगळतात, आणि लांब चढावर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल जळतं.

ॲक्सल रेशो तर कोणी विचारतच नाही. इंजिन तेच असून ३.३ ऐवजी ३.७ रेशो घेतला तर चाकावर सुमारे १२ टक्के जास्त ओढ मिळते. थोडं इंधन जास्त जातं. मोठ्या इंजिनाच्या मानाने हा फरक फार स्वस्तात मिळतो, म्हणून ट्रेलर वरचेवर ओढणाऱ्याने आधी रेशो बघावा, मग इंजिन.

उंचावर जायचं असेल तर टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के ताकद गमावतं.

किमतीला चुकीच्या आकड्याने भागणं

आता किमतीकडे. वरच्या ४०० किलो उरलेल्या गाडीची किंमत ११८ धरा, एकक कुठलंही चालेल. त्याच इंजिनाची, एक पायरी खालची गाडी १०० ला मिळते, ती ९० किलोंनी हलकी. छापील पेलोड १,०१० आणि तीच माणसं, तेच सामान धरलं तर उरतात ४९०. छापील आकड्याने भागलं तर महाग गाडी दर किलोला सुमारे ३० टक्के महाग दिसते. उरलेल्या किलोंनी भागलं तर तीच ४५ टक्के महाग ठरते. आरामासाठी जास्त पैसे द्यायला कोणाची हरकत नाही, पण ते वजन उचलण्यासाठी दिले असं समजू नका.

किती क्षमता घ्यायची, हे ठरवायला महिनाभर वही ठेवा. प्रत्येक खेपेचं वजन लिहा. वर्षातून दोनदाच मोठा ट्रेलर ओढायचा असेल तर त्या दोन दिवसांसाठी मोठी गाडी भाड्याने आणा. उलट रोजची खेप मर्यादेच्या ९५ टक्क्यांवर जात असेल तर स्वस्त गाडी स्वस्त राहत नाही. क्लच, ब्रेक पॅड आणि मागचे टायर सगळा फरक वसूल करतात. रोजच्या खेपेवर १५ ते २० टक्के मोकळे ठेवूनच गाडी निवडावी.

ट्रेलर जोडल्यावर काट्यावर तीन वजनं करा. एक, माणसं आणि माल भरलेली गाडी, ट्रेलरशिवाय. दोन, ट्रेलर जोडून फक्त गाडीची चाकं काट्यावर, ट्रेलरची खाली. तीन, सगळं मिळून. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की बॉलवरचं वजन मिळतं, तिसऱ्यातून पहिलं वजा केलं की ट्रेलरचं. काही काटे २० किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवतात, तेवढी सूट धरा. मागच्या ॲक्सलसाठी फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून आणखी एकदा.

काटा जवळ नसेल तर टेपने पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजा, ट्रेलर जोडण्याआधी आणि जोडल्यावर. पुढची बाजू दोन बोटं वर उचलली गेली असेल तर तसंच रस्त्याला लागू नका. ट्रेलरमधला आणि हौद्यातला थोडा माल उतरवा, कमान पुन्हा मोजा, आणि पहिल्या संधीला काट्यावर जा.