कंपनीकडून फुकट संगणक लॅब मिळतेय? सही करण्याआधी हे तपासा

कंपनी शाळेला संगणक देते तेव्हा त्यात तिचा फायदा असतो का? बहुतेक वेळा असतो, आणि तो असला म्हणून देणगी वाईट ठरत नाही. मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीने शोधायचं ते इतकंच, की पुढच्या खर्चाची पावती कोणाच्या नावावर फाटणार.

नामिबियात स्कूलनेट या संस्थेला मायक्रोसॉफ्टने ऑफिसची लायसन्स फुकट देऊ केली होती. ती चालवायला लागणारं विंडोज मात्र विकत घ्यायचं होतं. संस्थेने नकार दिला आणि लिनक्स या फुकट मिळणाऱ्या संगणकप्रणालीवरच काम चालू ठेवलं. आपल्याकडे २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर महाराष्ट्रासह सहा राज्यांत फुकट इंटरनेट आणलं, पण ते निवडक साइट्सपुरतंच. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, साइट बघून वेगवेगळे दर लावायला बंदी केली आणि ते गुंडाळावं लागलं.

म्हणून देणगीपत्रातल्या प्रत्येक वस्तूपुढे तीन रकाने आखा: चालायला आणखी काय लागतं, मुदत कधी संपते, नंतर पैसे कोण भरणार.

सुरुवात विजेपासून करा. मॉनिटरसह डेस्कटॉपला साधारण १०० वॉट धरा. २० मशीन म्हणजे २ किलोवॉट. रोज ४ तास, महिन्याला २० दिवस चालवले तर १६० युनिट, दहा महिन्यांचे १,६०० युनिट. युनिटला ८ रुपये धरले तरी १२,८०० रुपये झाले. १०१ ते २५० पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत मिळतं. म्हणजे त्यातला पाव हिस्सा नुसत्या लॅबच्या विजेत गेला. बिलावरचा मंजूर भारही (एका वेळी किती किलोवॉट वापरता येतात ते) बघून घ्या. अर्थिंग नीट नसेल तर कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, मशीनही लवकर जातात. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते. लॅबला कुलूप लागतं ते बहुतेक वेळा अशाच किरकोळ खर्चापायी.

टॅबलेट असतील तर एक नमुना आधी मागून घ्या आणि फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करा. वाय-फाय जोडून शाळेच्या स्वतःच्या खात्याने तो सुरू होतो का बघा. परत कंपनीच्याच लॉगिनवर येऊन अडला, किंवा रीसेटच करू देत नसेल, तर टॅबलेट शाळेत असला तरी ताबा कंपनीचा आहे. ‘मुदत संपल्यावर सर्व उपकरणं आमच्या नियंत्रणातून मुक्त करू’ हे लेटरहेडवर घ्या. तोंडी आश्वासन देणारा अधिकारी पुढच्या वर्षी त्या जागेवर असेलच असं नाही. मग विमान मोड लावून धडे उघडा. जे उघडत नाहीत त्यांच्यासाठी रोज डेटा लागणार.

कार्यालयातून उतरवलेली जुनी मशीन येत असतील तर प्रोसेसरचा क्रमांक वाचा. आय५-७५०० मधला पहिला ७ म्हणजे सातवी पिढी. विंडोज ११ साधारण आठव्या पिढीपासून पुढे अधिकृतपणे चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे असली मशीन कार्यालयांतून ढिगाने निघतात. मोठ्या कार्यालयाला ई-कचरा नोंदणीकृत ठिकाणीच द्यावा लागतो. तोच तुमच्या वर्गात आला की त्यांची डोकेदुखी मिटते. तरी ८ जीबी रॅम आणि २४० जीबी एसएसडी (वेगवान डिस्क) टाकून लिनक्स मिंट चढवलं तर सातव्या पिढीचं मशीन बरीच वर्षं काम देतं. केरळच्या सरकारी शाळा लिनक्सवरच शिकवतात. रॅम आणि एसएसडीचा खर्च देणगीतच धरायला लावा.

जाहिरातीचा आग्रह झाला तर कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी केलेलं प्रायोजकत्व २०२१ च्या दुरुस्त नियमांनुसार त्यात धरता येत नाही. दारावर देणगीदाराची पाटी चालेल. प्रत्येक स्क्रीनवर त्यांच्या कोचिंग ॲपची जाहिरात कशाला?

ॲपमध्ये मुलांचे आणि पालकांचे मोबाइल नंबर भरायला सांगितले तर थांबा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती सांगितली आहे. हजेरी क्रमांकावर लॉगिन होत असेल तर नंबर कशाला हवा, असं सरळ विचारा.

हे सगळं समितीच्या ठरावात घ्या, वॉरंटी शाळेच्या नावावर करून घ्या आणि सीरियल नंबरसह डेडस्टॉक रजिस्टरला नोंद करा. कंपनी तीन वर्षांच्या देखभालीला तयार नसेल तर २० ऐवजी १२ मशीन मागा आणि उरलेल्या पैशांत देखभाल करार करून द्यायला सांगा.